शिफारस करणारें यंत्र

वऱ्हाडांत कापसाचा व्यवहार जितका जुना, तितकीच शिफारसहि जुनी. गाडी भरून माल अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारांत आणणारा शेतकरी प्रत्येक पेढी स्वतः पारखून पाहूं शकत नसे. तो गांवच्या चार जणांना विचारी. गेल्या हंगामांत कोणाचें माप खरें निघालें, कोणी पैसे वेळेवर दिले, कोणाच्या दारांत गाडी दोन दिवस उभी राहिली, हें ऐकून घेई, आणि मग आपला अडत्या ठरवी. दुसऱ्याला आलेल्या अनुभवावरून स्वतःला येणाऱ्या अनुभवाचा अंदाज बांधावा, एवढेंच ह्या विचारपुशींतलें शहाणपण. परंतु तो सर्वांवर सारखाच विश्वास ठेवीत नसे. ज्याचा माल आपल्यासारखा, ज्याची गरज आपल्यासारखी, ज्याची अडचण आपल्यासारखी, त्याच्या शब्दाला तो अधिक वजन देई. शंभर गाड्यांच्या धन्याला जी पेढी चांगली वाटते, ती एका गाडीच्या धन्यालाहि चांगली असेलच असें नाहीं, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नसे.

आज तेंच काम संगणकाकडून करून घेतलें जातें. त्याला शिफारसप्रणाली म्हणतात, आणि ती ज्या रीतीनें शिकते त्या रीतीला यंत्रशिक्षण, म्हणजेच मशीन लर्निंग, असें नांव आहे. ही प्रणाली चित्रपट, गाणीं, बातम्या आणि बाजारांतील माल सुचविते, हें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. पण तिचें एक कमी परिचित काम याहून महत्त्वाचें आहे. इंटरनेटवर ज्या असंख्य सेवा चालू आहेत, त्यांपैकीं कोणती सेवा कोणाला उपयोगी पडेल, हें ठरविण्याचें तें काम. अमरावतीसारखें शहर आणि मेळघाटासारखें अरण्य जेथें एकाच जिल्ह्यांत नांदतात, तेथें हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं. वेळेवर कोणाच्या हातीं काय पडतें, ह्यावर कित्येकदां पीक आणि क्वचित् प्राणहि अवलंबून असतो.

प्रथम ही सेवा म्हणजे काय, तें स्पष्ट झालें पाहिजे. अमरावतीच्या राजापेठेंत राहणाऱ्या एखाद्या गृहिणीनें बडनेऱ्याहून मुंबईस जाण्याकरितां मोबाईलवर तिकीट काढलें, तर तिला असें वाटतें कीं, हें सारें काम आपल्या हातांतील यंत्रानेंच केलें. वस्तुतः त्या यंत्राला स्वतःला फारसें कांहींच ठाऊक नसतें. गाडींत जागा आहे कीं नाहीं, हें तें दूरच्या एका संगणकाला विचारतें; पैसे जमा झाले कीं नाहीं, हें दुसऱ्याला विचारतें; तिकिटाचा संदेश पाठविण्यास तिसऱ्याला सांगतें. एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राला ठराविक भाषेंत प्रश्न विचारावा आणि त्यानें ठराविक भाषेंत उत्तर द्यावें, ह्या व्यवस्थेलाच वेब-सेवा म्हणतात. हवामान, बाजारभाव, नकाशे, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचा भरणा, ह्या सर्वांच्या मागें अशाच सेवा उभ्या असतात.

एकच काम करणाऱ्या सेवा अनेक असल्या म्हणजे निवडीचा प्रश्न उत्पन्न होतो. त्यावर पहिला उपाय सुचला तो नोंदवहीचा. २००० सालीं आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरीबा ह्या कंपन्यांनीं पुढाकार घेऊन यूडीडीआय नांवाची एक योजना काढली. ज्याला सेवा द्यावयाची आहे त्यानें आपलें नांव, काम आणि पत्ता तींत नोंदवावा, आणि ज्याला ती हवी आहे त्यानें तींतून शोधून घ्यावी, असा तिचा हेतु होता. २००६ च्या आरंभीं तिची सार्वजनिक नोंदवही बंद करण्यांत आली. अशा कोणत्याहि नोंदवहींत एक मूळचें वैगुण्य असतें. एखादी सेवा आपण काय करूं म्हणते, तें तींत कळतें. प्रत्यक्षांत ती काय करते, तें कळत नाहीं. पेढीवरची पाटी वाचून पेढीचें माप खरें आहे कीं खोटें, हें कसें समजावें?

सेवेचा खरेपणा मोजण्यासाठीं तज्ज्ञांनीं कांहीं मापें ठरविलीं आहेत. प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ लागतो, हा झाला प्रतिसादकाल. एका क्षणांत किती माहिती येऊं शकते, ही झाली वाहकता. शंभर वेळां हांक मारली असतां किती वेळां ओ मिळते, ही झाली उपलब्धता. परंतु मौज अशी कीं, हीं मापें एकट्या सेवेचीं नसतात. तीं सेवा आणि मागणारा ह्या दोघांचीं मिळून असतात. मुंबईच्या मनुष्याला जी सेवा निमिषार्धांत उत्तर देते, तीच मेळघाटांतील मनुष्याला मिनिटभर तिष्ठत ठेवूं शकते. मुंबई-नागपूर लोहमार्ग बडनेऱ्यावरून जातो आणि अमरावती फांट्यावर आहे. गाडी तीच, पण बडनेऱ्याच्या उतारूचा अनुभव निराळा आणि अमरावतीच्या उतारूचा निराळा. तात्पर्य, सर्वांना सर्वोत्तम अशी एकच सेवा नसते. प्रत्येकाची सर्वोत्तम सेवा त्याची त्याची असते, आणि ती शोधण्यासाठीं प्रत्येकानें प्रत्येक सेवा वापरून पाहणें तर अशक्य आहे.

येथें त्या जुन्या शेतकऱ्याची युक्ति उपयोगी पडते. १९९२ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत डेव्हिड गोल्डबर्ग आणि त्यांचे तीन सहकारी ह्यांनीं टॅपेस्ट्री नांवाची एक व्यवस्था केली. विद्युत्-टपालाच्या ढिगांतून वाचण्याजोगें काय आहे, हें इतर वाचणाऱ्यांच्या शेऱ्यांवरून ठरवावें, ही तिची कल्पना. तिला त्यांनीं सहकारी गाळणी अशा अर्थाचें नांव दिलें. १९९४ सालीं मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटा येथील संशोधकांनीं ग्रूपलेन्स ही योजना पुढें आणली. तींत वाचकांनीं बातम्यांना गुण द्यावयाचे, आणि ज्यांचे गुण पूर्वीं एकमेकांशीं जुळले त्यांच्या मतांवरून पुढच्या बातमीचा अंदाज करावयाचा, अशी रीत होती. पुढें हीच रीत वेब-सेवांना लागू करण्यांत आली. फरक इतकाच कीं, माणसानें दिलेल्या गुणांच्या जागीं यंत्रानें मोजलेले सेकंद आले.

ही रीत एका लहानशा उदाहरणानें चांगली समजेल. त्यांतील आंकडे केवळ कल्पिलेले आहेत. समजा, बाजारभाव, पीकविमा आणि पैशाचा भरणा अशा तीन सेवा आहेत. अमरावतीच्या मनुष्याला त्यांचीं उत्तरें अनुक्रमें २, ४ आणि ३ सेकंदांत मिळतात. अकोल्याच्या मनुष्याला ३, ५ आणि ४ सेकंदांत. मूर्तिजापूरच्या मनुष्याला ४, ६ आणि ५ सेकंदांत. धारणीच्या मनुष्याला मात्र ८, ५ आणि ८ सेकंद लागतात. आतां मूर्तिजापूरच्या मनुष्याला हवामानाची सेवा हवी आहे. तशा दोन सेवा आहेत, आणि त्यानें त्यांपैकीं एकहि कधीं वापरलेली नाहीं. त्याला कोणती सुचवावी?

मूर्तिजापूरकराची सरासरी ५ सेकंद आहे. तिच्या मानानें पहिली सेवा त्याला एका सेकंदानें जलद, दुसरी एका सेकंदानें मंद आणि तिसरी बरोबर सरासरीइतकी पडते. अमरावतीकराची सरासरी ३ आणि अकोलेकराची ४. पण आपापल्या सरासरीच्या मानानें त्यांचाहि चढउतार हुबेहूब तसाच आहे. धारणीकराचें तसें नाहीं. इतरांना जी सेवा मंद पडते, तीच त्याला जलद पडते. म्हणून ह्या प्रश्नापुरते अमरावतीकर आणि अकोलेकर हे मूर्तिजापूरकराचे सोबती ठरतात, आणि धारणीकर बाजूस राहतो. हवामानाची पहिली सेवा अमरावतीकराला ६ सेकंदांत, म्हणजे सरासरीहून ३ सेकंद अधिक घेऊन, आणि अकोलेकरालाहि ६ सेकंदांत, म्हणजे सरासरीहून २ सेकंद अधिक घेऊन उत्तर देते. दोन्ही मिळून सरासरी अडीच सेकंद अधिक. दुसरी सेवा अमरावतीकराला ४ आणि अकोलेकराला ५ सेकंद, म्हणजे दोघांनाहि सरासरीहून १ सेकंद अधिक लावते. तेव्हां मूर्तिजापूरकराला पहिली सेवा साडेसात सेकंद घेईल आणि दुसरी ६ सेकंद, असा अंदाज निघतो, आणि यंत्र त्याला दुसरी सेवा सुचवितें.

ह्या हिशेबांत गूढ असें कांहींच नाहीं. चौथ्या इयत्तेच्या गणितावर तो सुटतो. अडचण उभी राहते ती संख्येमुळें. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांत झिबिन झेंग आणि मायकेल ल्यू ह्यांनीं सहकाऱ्यांसह ह्या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला, आणि डब्ल्यूएस-ड्रीम ह्या नांवानें मोजमापांचा एक संग्रह सर्वांना खुला करून दिला. त्यांत ३० देशांतील ३३९ संगणकांनीं ७३ देशांतील ५,८२५ सेवांना हांक मारून पाहिली आहे. तें कोष्टक पूर्ण भरावयाचें तर १९,७४,६७५ घरें भरावीं लागतात. प्रत्यक्ष व्यवहारांत एक मनुष्य हजारों सेवांपैकीं फार तर दहावीस वापरतो. म्हणजे कोष्टकाचीं बहुतेक घरें रिकामीं असतात, आणि दोन माणसांनीं वापरलेल्या समान सेवा इतक्या थोड्या निघतात कीं, त्यांचें साम्य ठरविणेंच कठीण होऊन बसतें.

ह्यावर जो उपाय निघाला, तो अधिक कल्पक आहे. माणसामाणसांची तुलना न करतां, प्रत्येक माणसाच्या आणि प्रत्येक सेवेच्या अंगीं कांहीं थोडे गुप्त गुण आहेत असें मानावयाचें. माणसाच्या बाजूला त्याच्या तारेची शक्ति असेल, मोठ्या केंद्रापासूनचें अंतर असेल. सेवेच्या बाजूला तिच्या उत्तराचें ओझें असेल, तिच्यावरील गर्दी असेल. ह्या गुणांचीं नांवें यंत्राला कोणी सांगत नाहीं. तें आरंभीं मनास येतील ते अंक धरतें, त्यांच्या गुणाकारांवरून भरलेल्या घरांचे अंदाज काढतें, खऱ्या मोजमापाशीं ताडून चूक किती झाली तें पाहतें, आणि ती चूक कमी होईल अशा रीतीनें अंक किंचित् किंचित् बदलतें. असें लाखों वेळां केल्यावर अंक स्थिरावतात, आणि त्यांच्या साहाय्यानें रिकाम्या घरांचाहि अंदाज करतां येतो. यंत्र शिकतें म्हणतात तें एवढ्याच अर्थानें. चूक मोजणें आणि ती थोडी थोडी सुधारणें, ह्यापलीकडे त्या शिकण्यांत दुसरें कांहीं नाहीं.

ह्या रीतीला कीर्ति मिळाली ती एका पैजेमुळें. अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीनें २००६ सालीं १० लाख डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. ४,८०,१८९ प्रेक्षकांनीं १७,७७० चित्रपटांना दिलेले सुमारें १० कोटी गुण तिनें खुले केले, आणि आपल्या यंत्राची चूक जो शेंकडा १० नें कमी करील त्याला तें द्यावयाचें ठरविलें. तीन वर्षांच्या चढाओढीनंतर २००९ सालीं तें एका संघाला मिळालें. ह्या पैजेंत एक नियम होता, तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. गुणांचा कांहीं भाग झांकून ठेवला होता, आणि परीक्षा त्या झांकलेल्या भागावर घेतली गेली. दिलेलीं उत्तरें पाठ करणारा विद्यार्थी जसा नव्या प्रश्नापुढें गडबडतो, तसें यंत्रहि पाठांतर करूं शकतें. म्हणून जें त्याला दाखविलेलें नाहीं, त्यावरच त्याची पारख केली पाहिजे. शिफारस करणाऱ्या कोणत्याहि यंत्राविषयीं विचारावयाचा पहिला प्रश्न हाच कीं, न पाहिलेल्या माणसावर ह्याची परीक्षा झाली आहे काय?

हा प्रश्न वऱ्हाडांत विचारला म्हणजे विषयाचें खरें स्वरूप दिसूं लागतें. मेळघाटांत धारणी तालुक्यांत हरिसाल नांवाचें गांव आहे. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासन आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी ह्यांच्या प्रयत्नानें तें ‘डिजिटल गांव’ म्हणून पुढें आलें. दूरचित्रवाणीच्या लहरींमधील रिकाम्या पट्ट्यांवाटे तेथें इंटरनेट न्यावें, दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळावा, शाळेंत नवीं साधनें यावींत, असा तो बेत होता. त्याचें प्रत्यक्ष फळ किती मिळालें, ह्यावर २०१९ च्या निवडणुकीच्या प्रचारांत जाहीर वादहि झाला. त्या वादाचा निर्णय कांहींहि असो. शिफारशीच्या शास्त्राला हरिसालनें एक धडा अवश्य दिला आहे. सेवा गांवापर्यंत पोंचविणें हें एक काम, आणि गांवकऱ्याला त्यांतली नेमकी कामाची सेवा सांपडणें हें दुसरें काम. पहिलें झालें म्हणून दुसरें आपोआप होत नाहीं.

जो मनुष्य नव्यानेंच इंटरनेटवर आला, त्याच्या नांवापुढें कोष्टकांत एकहि अंक नसतो. यंत्राला त्याच्याविषयीं कांहींच ठाऊक नसतें, आणि मग तें बहुसंख्यांना जें आवडतें तेंच त्याच्यापुढें ठेवतें. शास्त्रज्ञ ह्याला थंड आरंभाची अडचण म्हणतात. थंड चुलीवर पहिला तवा जसा तापत नाहीं, तशी ही स्थिति. मेळघाटांतील कोरकू बांधवांच्या बाबतींत ती दुहेरी आहे. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा. मराठी आणि हिंदीहून तिचें कुळ सर्वस्वीं निराळें. ज्या भाषेंतला लेख यंत्रानें फारसा वाचलेला नाहीं, त्या भाषेंतील मागणी त्याला कळणार कशी? आणि मागणी कळली नाहीं म्हणून सेवा सुचविली नाहीं, सेवा सुचविली नाहीं म्हणून ती वापरली गेली नाहीं, वापरली गेली नाहीं म्हणून कोष्टक रिकामेंच राहिलें, असें हें चक्र फिरत राहतें. मागील हिशेबांत धारणीकर बाजूस राहिला, तो मूर्तिजापूरकराच्या हितासाठीं योग्यच होतें. परंतु धारणीकराचे स्वतःचे सोबती जर कोष्टकांत कोठेंच नसतील, तर त्याला सुचविणार कोण?

साम्य कोणत्या गोष्टींत पाहावयाचें, हाहि प्रश्न तितकाच बिकट आहे. एकाच अमरावती जिल्ह्यांत वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा आहे. त्या पट्ट्यांत विहिरीचें पाणी खारें असल्यामुळें पावसाच्या पाण्याचाच भरंवसा. जिल्हा एक, भाषा एक, मोबाईल एक. एवढ्यावरून दोघांना सारखे मानून दर्यापूरच्या शेतकऱ्याला बागेच्या सिंचनाचा सल्ला सुचविला, तर यंत्राचें गणित बिनचूक असूनहि शिफारस फुकट गेली. उलट अकोला जिल्ह्यांतील खारपाणाचा शेतकरी त्याचा खरा सोबती असेल. म्हणून अलीकडील पद्धतींत केवळ अंकांवर न थांबतां स्थळ, काळ, ऋतु आणि उपयोगाचा हेतु ह्यांचीहि गणना केली जाते. परंतु मातीचा आणि पाण्याचा हा भेद यंत्राला प्रथम कोणी तरी सांगावा लागतो, आणि तो सांगणारा मनुष्य त्या मातींत वावरलेला असावा लागतो.

वऱ्हाडांत अशीं माणसें आणि अशा संस्था नाहींत असें नाहीं. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. हवामान खात्याच्या ग्रामीण कृषि मौसम सेवेंत मंगळवारीं आणि शुक्रवारीं सल्लापत्रें निघतात, आणि हें विद्यापीठ त्या सेवेचें एक केंद्र आहे. २०१९ सालीं ‘मेघदूत’ हें मोबाईलवरील साधन आलें, आणि विजेच्या धोक्याची आगाऊ सूचना देणारें ‘दामिनी’ हेंहि उपलब्ध आहे. अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचें, आणि संत गाडगे बाबांचें नांव धारण करणारें विद्यापीठ १९८३ पासूनचें आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानें २०२५ सालीं शेतीकरितां कृत्रिम बुद्धिमत्तेचें स्वतंत्र धोरण मंजूर करून त्यासाठीं ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. सामग्री अशी जमत आहे. प्रश्न इतकाच कीं, ह्या यंत्रांना कशांत यश मानावयास शिकवावयाचें?

कारण यंत्र जें मोजतें, त्यालाच तें चांगलें समजतें. सेकंद मोजावयास लावलें, तर लवकर उत्तर देणारी सेवा त्याला श्रेष्ठ वाटते. पण पावसाचा चुकीचा अंदाज झटकन् देणाऱ्या सेवेपेक्षां बरोबर अंदाज सावकाश देणारी सेवा पेरणी करणाऱ्याला केव्हांहि अधिक मोलाची. त्याच्या उलट, कांहीं कामें अशीं असतात कीं, त्यांत वेळ हाच सर्वस्व असतो. डोक्यावर मेघ गडगडत असतांना विजेची सूचना पांच मिनिटें उशिरा आली, तर ती न आल्यासारखीच. २०२३ च्या खरिपांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला १ रुपयांत पीकविमा मिळत होता. पण स्थानिक आपत्तीनें पीक बुडाल्यास ७२ तासांच्या आंत सूचना द्यावी, असा नियम होता. ज्याला योग्य सेवा तिसऱ्या दिवशीं सांपडली नाहीं, त्याचा हक्क चौथ्या दिवशीं वाद्यांत पडला. ज्या यंत्राला ह्या दोन प्रसंगांतला भेद कळत नाहीं, त्याची शिफारस जलद असेल, शहाणी असणार नाहीं.

दुसरा धोका हितसंबंधाचा. शिफारस करणाऱ्याला विक्रीचा लाभ असला, म्हणजे सल्ला आणि जाहिरात ह्यांच्यामधील भिंत पातळ होते. वऱ्हाडाला ह्याची ओळख यंत्राच्या आधींपासून आहे. कोणतें औषध फवारावें, कशांत काय मिसळावें, हें शेतकरी कित्येकदां विकणाऱ्यालाच विचारतो. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसें दगावलीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. परंतु निःस्वार्थी आणि जाणत्या सल्ल्याचें मोल काय असतें, हें त्यांतून सर्वांना कळलें. उद्यां हाच सल्ला यंत्र देऊं लागेल, तेव्हां सुचविलेली वस्तु खरोखर योग्य म्हणून वर आली, कीं कोणीं पैसे मोजले म्हणून वर आली, हें ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसलें पाहिजे. अडत्याची अडत निदान उघड तरी असे!

तिसरा धोका घराच्या दाराशीं आलेला आहे. सोबती शोधावयाचे, तर प्रत्येकाचा अनुभव कोणाला तरी सांगावा लागतो. नेटफ्लिक्सनें गुण खुले करतांना प्रेक्षकांचीं नांवें काढून टाकलीं होतीं. तरीहि अरविंद नारायणन् आणि विताली श्मातिकोव्ह ह्या दोन संशोधकांनीं, इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मतांशीं तीं ताडून, कांहीं माणसें ओळखतां येतात असें दाखवून दिलें. कंपनीनें योजलेली दुसरी पैज २०१० सालीं सोडून दिली. चित्रपटांची आवड उघड झाली, तर फार बिघडत नाहीं असें कोणी म्हणेल. पण कोणत्या घरांतून कर्जाची, कोणत्या आजाराची किंवा कोणत्या न्यायालयाची सेवा वारंवार मागितली गेली, हें उघड होणें निराळें. भारतांत २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो ह्याच काळजीपोटीं. पुढें असेहि मार्ग निघाले आहेत कीं, माहिती ज्याच्या त्याच्या यंत्रांतच राहते, आणि बाहेर जातात ते केवळ शिकलेले अंक.

मग ह्या यंत्राकडे पाठ फिरवावी काय? तसें म्हणणें शहाणपणाचें होणार नाहीं. हजारों सेवांच्या गर्दींत उभा राहिलेला मनुष्य शिफारशीवांचून वाट काढूं शकत नाहीं, आणि जेथें चांगली शिफारस नसते तेथें वाईट शिफारस आपोआप येऊन बसते. तेव्हां मागावयाचें तें एवढेंच कीं, शिफारस चांगली असावी. ‘तुम्हांला हें सुचविलें, कारण अमक्या स्थितींतील माणसांना त्याचा उपयोग झाला,’ असें कारण यंत्रानें साध्या मराठींत सांगावें. नको असेल तर नाहीं म्हणण्याची सोय असावी, आणि त्या नकाराचीहि त्यानें नोंद घ्यावी. जेथें यंत्राची स्वतःचीच खात्री कमी असेल, तेथें त्यानें तसें कबूल करून कृषि सहायकाकडे किंवा डॉक्टरकडे बोट दाखवावें.

आणि नव्याला संधि द्यावी. जुनें, लोकप्रिय तेवढेंच सुचवीत राहिलें, तर चांगली नवी सेवा कधींच पुढें येणार नाहीं, आणि थोडक्यांची गरज कधींच दिसणार नाहीं. ह्यासाठीं शास्त्रांत जी रीत सांगितली आहे, ती वऱ्हाडच्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाहीं. तो सगळें वावर एकदम नव्या बियाण्याखालीं आणीत नाहीं. चार तासांत तें लावून पाहतो आणि बाकी वावरांत नेहमींचें पेरतो. चार तास उतरले, तर पुढच्या वर्षीं आठ. यंत्रालाहि असेच चार तास राखून ठेवावयास शिकवितां येतें. दर शंभर शिफारशींपैकीं थोड्या त्यानें अजमावून पाहण्यासाठीं खर्चाव्या. ते चार तास धारणीच्या वाट्याला यावेत कीं राजापेठेच्या, हें मात्र यंत्र ठरवीत नाहीं. तें ठरविणारीं माणसें असतात, आणि सुशिक्षित घरांतून तीं निर्माण होत असतात.

मराठींत एक म्हण घराघरांत बोलली जाते: ऐकावें जनाचें, करावें मनाचें. शिफारसप्रणाली हें जनाचें ऐकविण्याचें साधन आहे, आणि इतक्या जनांचें इतक्या थोड्या वेळांत ऐकविणारें साधन पूर्वीं कधीं नव्हतें. त्या जनांत कोण कोण आहे, कोणाचा आवाज त्यांत आलेलाच नाहीं, आणि कोणाचा आवाज पैसे देऊन मोठा केलेला आहे, ह्याची चौकशी करणें हें मनाचें काम होय. बाजारांत गाडी सोडण्यापूर्वीं चार जणांना विचारणारा आणि अखेर स्वतःच्या जोखमीवर पेढी निवडणारा शेतकरी दोन्हीं कामें करीत असे. यंत्र कितीहि सुधारलें, तरी पहिलेंच काम त्याच्याकडे सोंपवावें; दुसरें ज्याचें त्यानें स्वतःकडे ठेवावें, हेंच हिताचें.